बिनपरवाना लहरी

दिल्लीच्या दक्षिण भागात, आय.एन.ए. बाजार आणि सरोजिनीनगर यांच्या आसपास, लक्ष्मीबाईनगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतर राजधानीत खाती वाढली, खात्यांबरोबर कारकून, अधीक्षक आणि अधिकारी वाढले, आणि त्यांच्या निवाऱ्यासाठी या परिसरात एकामागून एक सरकारी घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. सबंध पट्ट्याला त्या काळी विनयनगर म्हणत. पुढे त्याचे भाग पडले आणि त्यांना थोरामोठ्यांची नावे मिळाली. त्यांतल्या एका भागाच्या वाट्याला झाशीच्या राणीचे, काशीत जन्मलेल्या मनकर्णिका तांबे हिचे, नाव आले. बदलीच्या निमित्ताने दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांना ते आपुलकीचे वाटावे, यात नवल नाही.

या वसाहतीतल्या कोणत्याही घरात संध्याकाळी दूरध्वनीच्या पडद्यावर जवळपासच्या बिनतारी जाळ्यांची यादी उघडून पाहावी. पंधरा-वीस नावे सहज दिसतात. कोणी मुलीचे नाव दिलेले असते, कोणी घराचा क्रमांक, कोणी कारखान्यातून आलेले निर्बुद्ध अक्षरांचे नाव तसेच ठेवलेले असते. ही सगळी नावे भिंती ओलांडून आलेली असतात, आणि प्रत्येक नावामागे एक लहानसा ध्वनिक्षेपकच चालू असतो. त्या पेटीला आपण राउटर म्हणतो आणि तिच्या लहरींना वाय-फाय. या पेटीविषयी घरोघर ऐकू येणारी तक्रारही एकच आहे : मधूनच संबंध तुटतो. नातवाचा चेहरा पडद्यावर गोठतो, पुण्याहून येणारा आवाज तुटक होतो, आणि मग कोणीतरी उठून पेटी बंद करतो, दहा आकडे मोजतो आणि पुन्हा चालू करतो. बहुधा तेवढ्याने भागते. का भागते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

२०२० सालच्या मार्चमध्ये देश घरात बसला, तेव्हा या तक्रारीचे स्वरूप पालटले. दोन खोल्यांच्या घरात एका कोपऱ्यात मुलाची शाळा, दुसऱ्या कोपऱ्यात मुलीचे महाविद्यालय आणि जेवणाच्या मेजावर वडिलांची कचेरी भरू लागली. हे एका घरात नव्हे, शेजारच्या, वरच्या आणि खालच्या घरातही एकाच वेळी चालले होते. जी गोष्ट तोवर करमणुकीतला व्यत्यय होती, ती आता हजेरीपटावर लागणारी अनुपस्थिती झाली. परीक्षेच्या मध्यावर संबंध तुटलेल्या मुलाला पेटी बंद करून चालू करण्याचा उपाय फारसा समाधान देत नाही. या व्यत्ययाची कारणे समजून घ्यायची, तर घरातली बिनतारी कोणत्या वाटेने आली ते पाहावे लागते. ती वाट लक्ष्मीबाईनगरहून जुनी आहे, आणि तिचे काही टप्पे महाराष्ट्रातून जातात.

हिंदुस्थानात बिनतारी ही प्रारंभापासून सरकारची मिरास होती. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा एकाधिकार सरकारकडे घेतला होता. १९२७ साली पुण्याजवळ खडकी येथून इंग्लंडकडे थेट बिनतारी संदेश जाऊ लागले आणि तिकडून येणारे संदेश दौंडला उतरून घेतले जाऊ लागले, तेव्हा तो एका मोठ्या कंपनीचा आणि त्याहून मोठ्या साम्राज्याचा व्यवहार होता. सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध तारेच्या फॉर्मपुरताच. १९३३ च्या बिनतारी कायद्याने तर बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यालाही परवाना आवश्यक ठरवला. आज साठीच्या पुढे असलेल्यांना रेडिओचे ते परवानापुस्तक आठवत असेल. दर वर्षी टपाल कचेरीत जाऊन शुल्क भरायचे, तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यायचा, आणि तपासनीस दारात आला तर ते पुस्तक पुढे करायचे. विनयनगरात दिल्लीहून प्रसारित होणाऱ्या मराठी बातम्या ज्या घरांत ऐकल्या जात, त्या घरांतही हे पुस्तक कपाटात जपून ठेवलेले असे. ऐकण्यासाठीसुद्धा परवाना लागत होता. रेडिओवरचा हा परवाना पुरता नाहीसा व्हायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

मग बोलण्याची काय कथा! १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांचा माग चुकवण्यासाठी ते यंत्र या घरातून त्या घरात हलवीत. १२ नोव्हेंबरला छापा पडला, आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याला जावे लागले. परवान्याविना हवेत लहरी सोडणे हा केवढा अपराध होता, हे या एका उदाहरणावरून कळावे. आज लक्ष्मीबाईनगरातले प्रत्येक घर परवान्याविना लहरी सोडते, आणि सोडणारे बहुतेक सारे सरकारी नोकर आहेत! हा पालट एका दिवसात झाला नाही, आणि कोणा क्रांतिकारकानेही तो घडवला नाही. त्याचे श्रेय, गमतीची गोष्ट अशी, स्वयंपाकघरातल्या एका शेगडीला द्यावे लागते.

१९४५ साली अमेरिकेत रेथिऑन या कारखान्यातील पर्सी स्पेन्सर यांना रडारच्या लहरींनी अन्न तापते असे आढळले, आणि त्यातून मायक्रोवेव्ह शेगडी जन्मली. अशा यंत्रांच्या लहरी थोड्याफार बाहेर सांडणारच. त्या संदेशांत मिसळू नयेत म्हणून १९४७ साली अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या उपयोगासाठी बाजूला काढला. गावाबाहेर उकिरड्यासाठी जागा राखावी, तसा हा प्रकार होता. पुढे जवळजवळ चार दशके संदेशवहन करणाऱ्यांनी या जागेकडे ढुंकून पाहिले नाही. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने ठरवले की, या व अशाच आणखी दोन पट्ट्यांत मर्यादित शक्तीची यंत्रे कोणीही परवान्याविना वापरावीत. अट एवढीच : त्यांनी दुसऱ्याला उपद्रव देऊ नये, आणि दुसऱ्याचा उपद्रव झाला तर तक्रार करू नये.

या अटीचा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे. परवाना म्हणजे केवळ बंधन नव्हे, ते संरक्षणही असते. आकाशवाणीच्या केंद्राला एक लहर दिली की ती लहर त्याची. दुसरा कोणी तीवर आला तर सरकार त्याला हुसकावते. परवाना गेला तेव्हा बंधनाबरोबर संरक्षणही गेले. घरातल्या बिनतारीच्या अस्थैर्याचे पहिले बीज या सौद्यात आहे. ते कोणा कारागिराच्या चुकीत नाही, आणि सौदा एकंदरीने वाईट होता असेही म्हणता येणार नाही. परवान्याची पद्धत चालू राहिली असती, तर लक्ष्मीबाईनगरातल्या कारकुनाला आपल्या पेटीसाठी संचार भवनाच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या, याची कल्पना सरकारी नोकरांना अधिक चांगली करता येईल.

उकिरड्याची जागा फुकट मिळताच तिथे घरे उठू लागली. हॉलंडमध्ये एन.सी.आर. या गल्लापेट्या बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना दुकानांतले गल्ले तारांवाचून जोडायचे होते. त्यांच्यापैकी व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखाली १९९० पासून एक मानकसमिती काम करू लागली, आणि १९९७ साली तिने पहिले मानक प्रसिद्ध केले. त्याचा कमाल वेग सेकंदाला २० लाख अंश होता. १९९९ मध्ये तो १ कोटी १० लाखांवर गेला आणि त्याच वर्षी वाय-फाय हे नाव रूढ झाले.

समितीपुढची मोठी अडचण भिंतींची होती. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात, घरे त्यांच्या खिजगणतीत नसतात. वाय-फायची लहर मात्र जेमतेम साडेबारा सेंटीमीटरची, म्हणजे अर्ध्या वितीएवढी. ती भिंतीवर, लोखंडी कपाटावर, खिडकीतल्या कूलरच्या पत्र्यावर आपटते आणि अनेक वाटांनी दूरध्वनीपर्यंत पोहोचते. कोठे या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना बळ देतात, कोठे एकमेकींना पुसून टाकतात. दूरध्वनी चार बोटे सरकवला तर बुडालेला आवाज परत येतो, तो यामुळे. जुन्या सरकारी घरांतल्या जाड विटांच्या भिंती उन्हाळ्यात सुखावह असतात. लहरींना त्या तितक्याच जाचक.

या प्रतिध्वनींवर उपाय काढण्यात ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ. या राष्ट्रीय संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. तिथले जॉन ओसुलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या कृष्णविवरांतून क्षणार्धाच्या लहरी येतात का, याचा शोध त्यांनी १९७० च्या दशकात घेतला होता. तशा लहरी सापडल्या नाहीत, परंतु विस्कटलेला संकेत गणिताने सावरण्याची जी विद्या त्या शोधात हाती आली, ती पुढे खोलीतल्या प्रतिध्वनींवर उपयोगी पडली. एक वेगवान प्रवाह सोडण्याऐवजी तो अनेक संथ प्रवाहांत वाटून द्यायचा, म्हणजे प्रतिध्वनी मागाहून आला तरी अक्षर बिघडत नाही, अशी ती थोडक्यात युक्ती. १९९६ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. मराठी माणसाला या संस्थेचे आणखी एका कारणाने स्मरण असावे. गोविंद स्वरूप १९५० च्या दशकात तिथेच रेडिओ खगोलशास्त्र शिकले. तिथे वापरून झालेल्या बत्तीस लहान तबकड्या संस्थेने भारताला दिल्या, आणि १९६५ साली मुंबईजवळ कल्याणला त्यांतून देशातली पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. खोडदच्या प्रचंड दुर्बिणीची ती थोरली बहीण होय.

भारतात ही पेटी घरोघर येण्याचा मुहूर्त २००५ च्या जानेवारीचा. त्या महिन्यात भारत संचार निगम आणि दिल्ली-मुंबईचा महानगर टेलिफोन निगम यांनी दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून वेगवान इंटरनेट द्यायला सुरुवात केली. त्याच महिन्याच्या २८ तारखेच्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त झाला. अधिसूचनेची भाषा कोरडी आहे, पण तिच्यात ती जुनी अमेरिकन अट जशीच्या तशी आली आहे : उपद्रव न देता, संरक्षण न मागता, सर्वांनी मिळून वापरायचे. १९३३ चा कायदा तेव्हा जागेवरच होता, त्याच्याच कलमाखाली ही सूट दिली गेली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३ या दोन्ही कायद्यांची जागा घेतली.

सर्वांनी मिळून वापरायचे म्हणजे कसे, हे लक्ष्मीबाईनगरातल्या एखाद्या इमारतीत चांगले पाहता येते. या पट्ट्यात एकमेकांना न भिडता राहू शकतील असे रुंद मार्ग तीनच निघतात. पेट्या वीस असल्या तर एकेका मार्गावर सहा-सात येणारच. त्यांचा शिष्टाचार असा की, बोलण्यापूर्वी ऐकायचे. कोणी बोलत असेल तर थांबायचे. दोघे एकदम बोलले आणि शब्द वाया गेले, तर दोघांनीही गप्प बसून आपापल्या मनाला येईल तितका वेळ थांबायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. चावडीवरच्या सभेत चार माणसे असतील तर ही पद्धत सुरेख चालते. चाळीस असतील तर निम्मा वेळ थांबण्यातच जातो. शिवाय तळमजल्याच्या पेटीला वरच्या मजल्याची पेटी ऐकू येत नाही, मधल्या मजल्यावर मात्र दोन्हींचे आवाज पोहोचतात. दोघी आपापल्या समजुतीने शिष्टाचार पाळतात, आणि मधल्या घरातले संभाषण चिरडले जाते. यात कोणाचाच दोष नसतो. त्यातून कोणी मायक्रोवेव्ह शेगडी लावली, तर तिला शिष्टाचार मुळीच ठाऊक नसतो, आणि पट्ट्याची मूळ मालकीण तीच!

आणखी एक गोष्ट ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिली. या सभेत प्रत्येकाला बोलण्याची पाळी सारखी मिळते, बोलण्याचा वेळ नव्हे. दूरच्या खोलीतला जुना दूरध्वनी संथ बोलतो, तो आपल्या पाळीत फार वेळ घेतो, आणि पेटीशेजारी बसलेल्या नव्या संगणकालाही त्याच्याच चालीने चालावे लागते. टपाल कचेरीच्या खिडकीवर पुढचा एकच गृहस्थ सुटी नाणी मोजीत उभा राहावा, तशी गत होते.

इथवर जे सांगितले ते हवेचे. ते वेळेप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलते. पहाटे चार वाजता नाहीसे होते, पेटीच्या जवळ गेले की कमी होते. परंतु पेटी बंद करून चालू केल्याने जी बरी होते, ती व्याधी बहुधा हवेची नसते. पेटी बंद केल्याने शेजाऱ्यांच्या लहरी थांबत नाहीत, भिंती पातळ होत नाहीत. एवढेच घडू शकते की, जागी होताना तिने एखादा मोकळा मार्ग निवडावा. तेवढा अपवाद सोडला तर हा घरगुती उपाय हेच रोगाचे निदान आहे. बिघाड पेटीच्या आत, तिच्या स्मृतीत कोरलेल्या आज्ञासंचात, म्हणजे फर्मवेअरमध्ये असतो.

राउटर हा वस्तुतः एक छोटासा संगणक असतो. घरातल्या प्रत्येक यंत्राचे बाहेर कोणाशी काय बोलणे चालले आहे, याची तो नोंद ठेवतो. कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीसारखीच ही वही असते, आणि तिची पाने मोजकी असतात. संपलेल्या संभाषणाची नोंद वेळेवर खोडली गेली नाही, किंवा एखाद्या कामासाठी घेतलेली स्मृती काम संपल्यावर परत केली गेली नाही, तर काही दिवसांनी वही भरते. जुनी संभाषणे चालू राहतात, नवे सुरू होत नाही. वीज काढली की वही कोरी होते. पुन्हा भरेपर्यंत सारे सुरळीत. लिहिणाऱ्याने एक ओळ विसरावी, आणि तिची किंमत हजारो घरांनी दर आठवड्याला खुर्चीवरून उठून चुकवावी, असा हा व्यवहार आहे.

अशी विसरलेली ओळ काय करू शकते, याचे एक नमुनेदार उदाहरण २००३ चे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील वेळ सांगणाऱ्या संगणकावर प्रश्नांचा अकस्मात वर्षाव सुरू झाला. प्रत्येक प्रश्न एकच : आता किती वाजले? प्रथम वाटले की कोणी हल्ला केला आहे. विद्यापीठातील डेव्ह प्लोंका यांनी माग काढला, तेव्हा हे प्रश्न नेटगिअर कंपनीच्या चार नमुन्यांच्या घरगुती पेट्यांकडून येत असल्याचे निघाले. आज्ञासंच लिहिणाऱ्याने त्या एका संगणकाचा पत्ता कायमचा कोरून ठेवला होता, आणि उत्तर न आल्यास दर सेकंदाला पुन्हा विचारण्याची आज्ञा दिली होती. अशा सुमारे सात लाख पेट्या बनल्या होत्या. उत्तर देणारा जितका दमेल तितके प्रश्न अधिक वाढावेत, असा तो विलक्षण फेरा होता. कंपनीने चूक मान्य केली, सुधारलेला आज्ञासंच काढला आणि विद्यापीठाला देणगीही दिली. पण घरोघर गेलेल्या पेट्यांत तो घालणार कोण? घरधन्याला आपली पेटी मॅडिसनला छळीत आहे याची वार्ताही नव्हती. दुरुस्ती तयार असणे आणि दुरुस्ती होणे, या दोन गोष्टींत एवढे अंतर असते. या यंत्राच्या इतिहासात ते अंतर पुढेही वारंवार दिसते.

त्याच सुमारास दुसऱ्या एका पेटीने वेगळा रस्ता दाखवला. लिंकसिस कंपनीची २००२ च्या अखेरीस निघालेली निळी-काळी पेटी आत लिनक्सवर चालते, हे २००३ मध्ये काही जिज्ञासूंच्या ध्यानात आले. लिनक्सचा परवाना सांगतो की, वापरणाऱ्याने आज्ञासंचाची मूळ संहिताही खुली केली पाहिजे. ती खुली झाली, आणि २००४ मध्ये तिच्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा लोकांनी लोकांसाठी लिहिलेला आज्ञासंच निघाला. २००५ मध्ये त्याच पेटीची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यातली स्मृती निम्मी केलेली होती आणि लिनक्सही गेले होते. पुढे हौशी लोकांसाठी लिनक्सची वेगळी पेटी विकली गेली. खर्चाचा हिशेब या धंद्यात किती बारकाईने होतो, आणि तो कोठे लागू पडतो, हे यावरून दिसते. स्मृती हा दिसणारा खर्च आहे. आज्ञासंचाची निगा हा वर्षानुवर्षे चालणारा आणि पेटीवर न दिसणारा खर्च आहे. हजार-बाराशे रुपयांना विकल्या जाणाऱ्या वस्तूत तो कितीसा बसवणार?

मौज अशी की, पुढे स्मृती स्वस्त झाली तेव्हा उलट दुखणे उद्भवले. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अनुभवी संगणकशास्त्रज्ञाला आपल्याच घरात असे दिसले की, एखादी मोठी संचिका बाहेर पाठवायला घेतली की बाकीचे सारे जवळजवळ ठप्प होते. तार शाबूत, हवा निर्मळ, तरी संबंध तुटल्यासारखा! बारकाईने मोजल्यावर कळले की, पेट्यांत रांगेसाठी भरमसाट जागा ठेवलेली आहे. संदेश गळू नयेत म्हणून ती ठेवली होती. परंतु इंटरनेटच्या नियमांत, संदेश गळला की पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा असतो. गळलाच नाही तर त्याला पुढे कोंडी आहे हे कळणार कसे? तो पाठवीत राहतो, रांग लांबत राहते, आणि नातवाचे बोलणे त्या रांगेच्या शेवटी उभे राहते. गेटिस यांनी याला फुगलेल्या रांगांचा रोग म्हटले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी उपाय मांडला : रांगेची लांबी मोजू नका, रांगेत संदेशाला किती वेळ थांबावे लागते ते मोजा, आणि तो वाढला की एखादा संदेश मुद्दाम गाळा. डेव्ह टाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खुल्या आज्ञासंचात उतरवून दाखवला. पुढे स्वीडनमधल्या कार्लस्टाडच्या संशोधकांबरोबर २०१७ मध्ये ग्रेनोबलच्या त्या संथ दूरध्वनीचाही बंदोबस्त झाला. पाळी सारखी देण्याऐवजी वेळ सारखा द्यायचा, इतकी ती साधी गोष्ट होती. चौदा वर्षे सर्वांना ठाऊक असलेला हा दोष शेवटी मूठभर माणसांनी, काहींनी तर पदरमोड करून, दूर केला. त्यांचे लिखाण कोणालाही फुकट घेता येते. तरीही घरात येणाऱ्या कोणत्या पेटीत ते असेल आणि कोणत्या पेटीत नसेल, हे तिच्या रूपावरून कळण्याचा मार्ग नाही.

व्यत्ययापलीकडची गोष्ट धोक्याची. २०१६ च्या नोव्हेंबरअखेर जर्मनीत सुमारे नऊ लाख घरांचे इंटरनेट एकाएकी बंद पडले. जगभरच्या पेट्या बळकावीत सुटलेल्या एका दुष्ट आज्ञावलीने या पेट्यांचे दार ठोठावले होते. आत तिला शिरता आले नाही, पण ठोठावण्यानेच पेट्या कोलमडल्या. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जुलैमध्ये, ही आपत्ती भारतात आली. भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांच्या ग्राहकांचे सुमारे साठ हजार मोडेम निकामी झाल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या. कारखान्यातून येताना पेटीला जो सांकेतिक शब्द असतो, तो अनेक घरांत तसाच राहिला होता. सर्वांच्या कुलपांना एकच किल्ली, आणि ती किल्ली जगाला ठाऊक. दिल्लीतल्या सरकारी वसाहतींत तर याला आणखी एक कारण जोडावे लागेल. इथे माणसे बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. पेटी कधी बरोबर जाते, कधी नव्या रहिवाशाला मिळते, आणि तिचा सांकेतिक शब्द कोणी बसवला होता, हे सांगणारा तोवर गुवाहाटीला किंवा नागपूरला रुजू झालेला असतो.

गर्दीवर उतारा म्हणून २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. जुन्या पट्ट्याच्या सातपट जागा मिळाली. या लहरी आणखी आखूड, विटांच्या भिंतीत त्या अधिक विरतात. म्हणूनच शेजाऱ्याचा उपद्रव कमी, आणि आपल्याच मागच्या खोलीत पोहोचण्याची अडचण जास्त. या पट्ट्याच्या काही भागात हवामानाची रडारे आधीपासून आहेत. २००९ साली प्वेर्तो रिकोतील सान हुआनच्या विमानतळावरील रडारात अशा बिनतारी यंत्रांमुळे व्यत्यय आला होता. अनेक देशांत पेटीला रडारचा मार्ग घेण्यापूर्वी निदान एक मिनिट निमूटपणे ऐकावे लागते, आणि रडारची चाहूल लागताच तो मार्ग दहा सेकंदांत सोडावा लागतो. रडार ओळखण्याचे काम पुन्हा आज्ञासंचाचेच. तो भित्रा लिहिला गेला असेल, तर भलत्याच कडकडाटाला रडार समजून घर सोडतो, आणि घरातल्यांना वाटते की संबंध पुन्हा तुटला. २०२५ च्या मे महिन्यात ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठीही परवानामुक्तीचा मसुदा प्रसिद्ध झाला. हवेतली जागा अशी वाढत आली आहे.

आज्ञासंचाच्या निगेचा प्रश्न मात्र देशोदेशींच्या सरकारांनी अलीकडेच हाती घेतला. नऊ लाख घरांच्या अनुभवानंतर जर्मनीने २०१८ मध्ये घरगुती राउटरांसाठी मार्गदर्शक नियम काढले. ब्रिटनमध्ये २०२२ साली कायदा झाला आणि २९ एप्रिल २०२४ पासून तो अमलात आला. त्यानुसार सर्वांना एकच सांकेतिक शब्द देऊन पेटी विकता येत नाही, आणि तिच्या आज्ञासंचाच्या सुरक्षिततेची निगा किती काळ राखली जाईल, हे विकणाऱ्याला आधी जाहीर करावे लागते. दिल्लीच्या बाजारात घेतलेल्या पेटीच्या खोक्यावर किंमत असते, निर्मितीचा महिना असतो, वीजदाब असतो, आणि सेकंदाला किती कोटी अंश याचा मोठ्या अक्षरांतला आकडा असतो. तिच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर कारखान्याचा सांकेतिक शब्द आणि बहुधा आज्ञासंचाचा आवृत्तिक्रमांकही छापलेला सापडतो. तो क्रमांक पेटी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा.